बसून काम करणाऱ्यांची कंबर का दुखते?

"बसूनच तर काम आहे, त्यात दमायला काय झालं?" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. ऊसतोड मजुराची किंवा मार्केट यार्डातल्या हमालाची कंबर दुखली तर कुणाला नवल वाटत नाही. पण शिलाई मशीनवरची बाई, बँकेतला कारकून किंवा एसटीचा चालक 'कंबर धरलीय' म्हणाला, की आपण ते मनावर घेत नाही. म्हणून हा विषय शिक्षक आणि पालक दोघांनीही समजून घ्यायला हवा.

बसण्याचे प्रकार

आपल्या सातारा-सांगली भागातलीच उदाहरणं घेऊ. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही वाद्यं घडवणारे कारागीर जमिनीवर बसून, पुढे वाकून तासन्‌तास कोरीवकाम करतात. सांगलीहून पुण्याला निघालेला एसटी चालक कित्येक तास एकाच सीटवर असतो आणि वर गाडीचे हादरे सोसतो. कार्यालयातला कर्मचारी खुर्चीत असतो, पण मान आणि पाठ स्क्रीनकडे झुकलेली. तिघंही 'बसूनच' काम करतात, पण कमरेवरचा भार तिघांचा वेगळा.

कमरेत नेमकं काय होतं?

कमरेच्या भागात पाच मणके असतात आणि त्यांच्यामध्ये लवचीक चकत्या, म्हणजे ज्यांना आपण 'गादी' म्हणतो. उभं असताना कमरेला आत जाणारा नैसर्गिक बाक असतो. पोक काढून बसलं की तो सपाट होतो. मग मागचे अस्थिबंध ताणलेले राहतात आणि स्नायू एकाच स्थितीत आखडतात.

आणखी एक गोष्ट. मोठ्या माणसाच्या चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण आजूबाजूच्या भागातून झिरपत मिळतं आणि त्याला हालचालीची मदत होते. म्हणून पाठीला हालचाल लागते.

मग सगळा दोष बसण्याचाच का?

नाही. नुसतं जास्त वेळ बसल्यानेच कंबरदुखी होते, असं संशोधनातून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पण बसण्यासोबत वाकलेली स्थिती आणि वाहनाचे हादरे आले, की धोका वाढलेला दिसतो. अपुरी झोप, ताण, कमी व्यायाम यांचाही वाटा असतो. जगात २०२० साली सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, तेव्हा कारण एकच असेल असं मानणंच चूक.

उठायला सवड कुणाला?

'दर अर्ध्या तासाने उठा' हा सल्ला सोपा आहे. पण नगावर मजुरी घेणारी शिलाईवाली उठली, की तेवढी मजुरी बुडते. चालकाला तर मनात येईल तिथे गाडी थांबवता येत नाही. मग माणूस गोळी घेतो, पट्टा बांधतो आणि काम रेटतो. दुखणं जुनं झालं की रोजगारच बुडतो आणि त्याची झळ मुलांच्या शिक्षणापर्यंत येते. म्हणून विश्रांतीची सोय ही कामाच्या आखणीतच हवी. ती एकट्या कामगाराच्या शिस्तीवर सोडून भागत नाही.

काय करता येईल?

• बैठक बदलत राहा. 'आदर्श' बैठकसुद्धा तासभर तशीच ठेवली तर त्रास देते.
• जमिनीवर बसताना खाली जाड घडी घ्या, काम उंच पाटावर ठेवा.
• खुर्चीत कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवा, पाय जमिनीला टेकू द्या.
• चालकांनी प्रत्येक थांब्यावर खाली उतरून दोन मिनिटं चालावं.
• दुखतंय म्हणून अंथरूण धरू नका, झेपेल तेवढं चालत राहा.

जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायामावर भर आहे. कमरेचा पट्टा नेहमीचा उपाय म्हणून सुचवलेला नाही.

मात्र पायात कमजोरी आली, जांघेत बधिरपणा वाटला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, ताप आला किंवा पडल्यानंतर दुखू लागलं, तर घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टरांकडे जा.

वर्गासाठी उपक्रम: सातवी-आठवीच्या मुलांना घरातल्या कमावत्या माणसाची एका दिवसाची नोंद करायला सांगा. सलग किती वेळ बसले, कितीदा उठले, उठता का आलं नाही? शेवटच्या प्रश्नाची उत्तरं वर्गात नक्की वाचून घ्या.