हवाईच्या लाटा: उंची कळली, पण सेकंद किती?

पावसाळा तोंडावर आला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक यादी छापून येते. यंदा साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती कोणकोणत्या दिवशी, किती वाजता. ही यादी महिनोन् महिने आधी तयार असते, कारण भरती-ओहोटी चंद्रसूर्याच्या हिशोबावर चालते आणि चंद्र वेळेचा पक्का आहे. त्यामुळे मी लाटांवर पीएचडी करते म्हटलं की लोकांना वाटतं, मी अशीच एखादी यादी बनवत असणार. आमच्या घरीही बरीच वर्षं हाच समज होता.

भरती वेगळी आणि लाटा वेगळ्या, हे समजून घ्यायला हवाई बेटांइतकी चांगली जागा नाही. तिथे भरती-ओहोटीतला फरक एक मीटरही नसतो. मुंबईत तो पाच मीटरच्या आसपास जातो. म्हणजे भरतीच्या बाबतीत हवाई अगदीच किरकोळ. तरीसुद्धा होनोलुलूचं सरकारी हवामान कार्यालय रोज समुद्रकिनाऱ्यांचा अंदाज काढतं आणि लोक सकाळी उठून आधी तो बघतात. हिवाळ्यातला एखादा अंदाज साधारण असा दिसेल (आकडे माझे, नमुन्यापुरते): उत्तरेकडचे किनारे १२ ते १६ फूट, पश्चिमेकडचे ८ ते १२, पूर्वेकडचे ४ ते ६, दक्षिणेकडचे १ ते ३.

ओआहू बेट उत्तर-दक्षिण गाडीने तासाभरात पार होतं. एवढ्याशा बेटाच्या एका बाजूला दोन मजली इमारतीएवढी लाट फुटतेय आणि दुसऱ्या बाजूला वायकीकीला लहान मुलं गुडघाभर पाण्यात खेळतायत, हे एकाच दुपारी खरं असू शकतं. कारण या लाटा तिथे तयार झालेल्याच नसतात. त्या लांबून आलेल्या पाहुण्या असतात आणि ज्या दारातून येतील त्याच बाजूला त्यांचा गोंधळ.

हिवाळ्यातल्या लाटा उत्तर पॅसिफिकमधून, जपान ते अल्यूशियन बेटांच्या पट्ट्यातल्या वादळांकडून येतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गणित उलटं होतं. तेव्हा न्यूझीलंडच्या खालच्या समुद्रात कडाक्याचा हिवाळा असतो, तिथल्या वादळांच्या लाटा विषुववृत्त ओलांडून हवाईच्या दक्षिण किनाऱ्यावर येतात. प्रवास सात-साडेसात हजार किलोमीटरचा, वेळ सहा-सात दिवस. पूर्वेच्या किनाऱ्यावर मात्र जवळचाच माल: भूगोलाच्या पुस्तकात भेटलेले व्यापारी वारे तिथे वर्षातले बरेच दिवस वाहतात आणि छोट्या, तुटक, चिडचिड्या लाटा उठवत राहतात.

इथून पुढे खरी गंमत आहे, आणि माझं बरंचसं काम याच गमतीभोवती फिरतं.

वादळ समुद्रावर एकाच मापाची लाट बनवत नाही. लांब, आखूड, सगळ्या प्रकारच्या लाटांची खिचडी बनवते. लाटेचा एक माथा गेल्यापासून दुसरा माथा येईपर्यंत जितके सेकंद लागतात, त्याला शाळेच्या पुस्तकात आवर्तकाल म्हणतात. खोल समुद्रात जितका आवर्तकाल जास्त, तितकी लाट वेगवान. २० सेकंदांच्या लाटांचा समूह ताशी सुमारे ५६ किलोमीटरने जातो, १५ सेकंदांचा ४२ ने, १० सेकंदांचा २८ ने. (एकेकटा माथा याच्या दुप्पट वेगाने धावतो, पण तो समूहाच्या पुढच्या टोकाला पोचला की विरून जातो आणि मागच्या टोकाला नवा जन्मतो. ऊर्जा समूहाच्या वेगानेच जाते. पहिल्यांदा शिकताना हे मला पटायला दोन दिवस लागले होते, तुम्हालाही थोडा वेळ द्या.)

आता सीएसएमटीवरून एक फास्ट आणि एक स्लो लोकल एकाच मिनिटाला सुटल्या असं समजा. दादरला दोघींत थोडंसं अंतर पडेल, ठाण्याला जास्त, कल्याणला आणखी जास्त. तुम्ही डोळे मिटून कुठल्याशा प्लॅटफॉर्मवर बसला असाल आणि फास्टनंतर किती वेळाने स्लो आली एवढंच मोजलंत, तर सीएसएमटीपासून किती लांब बसलाय हे सांगता येईल. लाटांचं अगदी असंच. ४,००० किलोमीटरवरच्या वादळाकडून २० सेकंदांच्या लाटा साधारण ७१ तासांनी पोचतात आणि १५ सेकंदांच्या ९५ तासांनी. फरक एका दिवसाचा. म्हणजे एक सोपा ठोकताळा मिळाला: २० वरून १५ सेकंदांवर यायला एक दिवस लागला तर वादळ ४,००० किलोमीटरवर होतं, दोन दिवस लागले तर ८,०००. उपग्रहाचा फोटो न बघता.

हे प्रत्यक्षात मोजणारा माणूस म्हणजे वॉल्टर मंक. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर लाटा किती असतील, याची पद्धत हाराल्ड स्वेरड्रुप आणि मंक यांनी बसवली. पुढे १९६३ साली मंक आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत, पॅसिफिकच्या आरपार एका रेषेत लाटा मोजणारी केंद्रं मांडली. मधली बेटं म्हणजे सामोआ, पाल्मायरा, हवाई; आणि जिथे बेट नव्हतं तिथे फ्लिप नावाचं, समुद्रात उभं राहणारं विचित्र जहाज. दक्षिणेतल्या वादळाच्या लाटा एका केंद्रावरून दुसऱ्यावर जाताना त्यांनी अक्षरशः पकडल्या. निष्कर्ष सगळ्यांनाच चकित करणारा होता: वादळाच्या जवळपासचा टापू सोडला की पुढच्या हजारो किलोमीटरांत या लाटांची ऊर्जा फारशी खर्चच होत नाही. त्या पसरतात, म्हणून बुटक्या होतात, पण मरत नाहीत. १९६६ साली छापलेल्या त्या निबंधाच्या लेखकांत क्लाउस हासेलमान हे नाव आहे. त्यांना २०२१ मध्ये हवामानाच्या कामासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना नोबेलचा विषय निघाला की ही माहिती पुरवल्याशिवाय राहवत नाही.

रोजचा अंदाज याच तत्त्वावर उभा आहे. वाऱ्यांवरून संगणक वादळातल्या लाटा काढतो, त्यांचा प्रवास काढतो आणि वाटेत नांगरलेले बोये त्याची परीक्षा घेतात. कावाई बेटाच्या वायव्येला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर असा एक बोया आहे. तिथे २० सेकंदांच्या लाटा दिसल्या की कावाईच्या किनाऱ्याला साधारण सहा तास मिळतात, ओआहूला अजून दोन-तीन. बोया पाण्याबरोबर वरखाली होतो, त्या हालचालीतून आवर्तकालांची विभागणी करता येते. मैफिलीच्या रेकॉर्डिंगमधून तानपुरा आणि तबला वेगळे काढावेत तशी. मग बेटांच्या सावल्या धरायच्या: वायव्येकडून आलेल्या लाटांपुढे ओआहूच्या आधी कावाई आडवं येतं, माउईपुढे मोलोकाई. लाटांची दिशा थोडी इकडेतिकडे झाली की एखादा किनारा सावलीत जातो किंवा उघडा पडतो.

एवढं असूनही चुका होतात. वायमिया उपसागरात एडी ऐकाउच्या नावाने मोठ्या लाटांची स्पर्धा भरते. एडी तिथला जीवरक्षक होता, १९७८ साली होकुलेआ ही पारंपरिक होडी उलटल्यावर मदत आणायला सर्फबोर्डवरून निघाला आणि परत आला नाही. पुरेशा मोठ्या लाटा आल्या तरच स्पर्धा होते, त्यामुळे कित्येक वर्षं ती होतच नाही. २०१६ च्या १० फेब्रुवारीला ती होणार असं जाहीर झालं, लोक अंधारातच किनाऱ्यावर जमले, आणि सकाळी लाटा अपेक्षेइतक्या नव्हत्या म्हणून रद्द झाली. शेवटी २५ फेब्रुवारीला झाली. हजारो किलोमीटरांच्या प्रवासात काही तासांचा उशीर म्हणजे टक्केवारीत काहीच नाही. पण किनाऱ्यावर उभ्या माणसाला टक्केवारी घेऊन काय करायचंय!

आता फुटांकडे येऊ, कारण फुटांमध्ये खूप घोळ आहे. पहिला घोळ स्थानिक आहे. हवाईतले जुने सर्फर लाट सांगताना तिच्या पुढच्या भिंतीच्या साधारण निम्मी उंची सांगतात. लाट पाठीमागून मोजायची पद्धत होती, की बढाई न मारण्याची, यावर किनाऱ्यावर वाद घालता येतो. त्यांची १० फुटी लाट म्हणजे तुमच्या-माझ्या डोळ्यांना २० फुटांची भिंत. सरकारी अंदाजात मात्र पूर्ण भिंतीची उंची असते. नवख्या माणसाने हे दोन आकडे एकत्र केले तर काय होईल, सांगायला नको.

दुसरा घोळ जास्त महत्त्वाचा. बोया ‘दोन मीटर’ म्हणतो ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. १५ सेकंदांच्या हिशोबाने तीन तासांत ७२० लाटा येतात आणि त्यातली एखादी या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघू शकते. शिवाय दोन मीटरची लाट ८ सेकंदांची असेल तर सरळ किनाऱ्यावर फुटताना ती साध्या सूत्राने अडीच मीटरच्या आसपास जाते; १८ सेकंदांची असेल तर तीच साडेतीनच्या जवळ. लांब लाटेला तळ लवकर लागतो. ८ सेकंदांची लाट ५० मीटर खोलीवर तळाची दखल घेते, २० सेकंदांची तीनशे मीटरवर. त्यामुळे ती समुद्रातल्या उंचवट्यांवर वळते, एका जागी गोळा होते. त्यात हवाई म्हणजे खोल महासागरातून सरळ वर आलेले ज्वालामुखी, सभोवती रुंद उथळ पट्टाच नाही. लाट जवळपास न थकता दारात येते.

म्हणून मी कुणालाही सांगते, उंची कळली तरी सेकंद विचारा. सगळ्यात फसवी वेळ म्हणजे नव्या लाटांचं पहिलं आगमन. फास्ट लोकल आधी येते, म्हणजे २० सेकंदांच्या लाटा आधी येतात, आणि त्या सुरुवातीला बोयावर फूटभरही नसतात. आकडा बघून समुद्र झोपलाय असं वाटेल. त्यात या लाटा गटागटाने येतात. जवळजवळ सारख्या सुरातल्या दोन तारा एकत्र छेडल्या की आवाज कमी-जास्त होत राहतो ना, तसंच. लांबून आलेल्या लाटांचे आवर्तकाल एकमेकांच्या फार जवळचे असतात, म्हणून दहा-पंधरा मिनिटं शांतता आणि मग चार-पाच मोठ्या लाटा.

कावाईच्या उत्तर किनाऱ्यावर क्वीन्स बाथ म्हणून एक जागा आहे. लाव्हाच्या खडकात तयार झालेलं नैसर्गिक कुंड, फोटोत स्वर्ग. उन्हाळ्यात तिथे पाणी आरशासारखं असतं. हिवाळ्यात लोक येतात, पाच मिनिटं बघतात, खडक ओला आहे पण लाट तर नाही, म्हणून कडेला जातात. तिथे माणसं वाहून गेली आहेत, एकदा नाही, अनेकदा. खडक ओला का आहे, हा प्रश्न त्या पाच मिनिटांत कुणाला पडत नाही. हवाईचे जीवरक्षक पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावर निवांत बसून समुद्र बघायला सांगतात, कधी कधी वीस मिनिटं. पर्यटकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. गटांमधलं अंतर माहीत असलं की वीसच का ते कळतं.

इशारेही किनाऱ्यागणिक वेगळे असतात. ओआहूच्या उत्तर किनाऱ्याला १५ फुटांवर सावधानतेची सूचना आणि २५ फुटांवर मोठा इशारा. दक्षिणेला मोठा इशारा १५ फुटांवरच, कारण तिथल्या लोकांना आणि बांधकामांना मोठ्या लाटांची सवय नाही.

किनाऱ्यांच्या माहितीत चंद्रही एका ठिकाणी डोकावतो, भरतीपेक्षा वेगळ्या कामासाठी. पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी वायकीकी आणि आसपास डंख मारणाऱ्या पेटी जेलीफिशच्या झुंडी प्रजननासाठी येतात आणि तशा पाट्या लागतात. घरी कालनिर्णय असेल तर सोपं आहे: वद्य अष्टमी ते दशमी, पाण्यात जाऊ नये.

आपल्या कोकणात असं काही का होत नाही, असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. अरबी समुद्राला उत्तरेकडून जमिनीचं झाकण आहे, त्यामुळे त्या बाजूने लाटा यायला समुद्रच नाही. आणि मुंबईसमोरचा उथळ पट्टा तीनशेएक किलोमीटर रुंद आहे, तिथे लांब लाटांची काही ऊर्जा तळाशी घासूनच जाते. पण दक्षिणेचं दार आपल्यालाही उघडं आहे. हिंदी महासागराच्या अगदी खालच्या भागातल्या वादळांच्या लाटा चार-पाच दिवसांनी केरळच्या आणि लक्षद्वीपच्या किनाऱ्यावर येतात, बहुधा एप्रिल-मे मध्ये, जेव्हा वारा पडलेला असतो आणि आभाळ स्वच्छ असतं. पाणी थेट घरांत शिरतं. मल्याळममध्ये याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादचं इन्कॉइस हे केंद्र आता त्याचे इशारे आधी देतं. अशा इशाऱ्यात लाटांची उंची पुष्कळदा मीटर-दीड मीटरच असते, आणि तिच्या शेजारी सेकंद दिलेले असतात: अठरा, वीस, बावीस.