सौर पंपाची पेटी आणि विहिरीचें पाणी

लातूर व नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत आतां गांवोगांव बांधावर सौर पंपांचीं पॅनेलें दिसूं लागलीं आहेत. केंद्र सरकारची कुसुम योजना सन २०१९ मध्यें निघाली, आणि राज्य सरकारनें सन २०२४ मध्यें ‘मागेल त्याला सौर कृषि पंप’ ही योजना काढल्यापासून अर्जदारांची गर्दी वाढली. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा, पांच एकरांपर्यंत पांच अश्वशक्तीचा व त्यापुढें साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीचा दहावा हिस्सा, तर अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यास विसावा हिस्सा भरावा लागतो. दिवसा पाणी मिळतें, आणि रात्रीच्या पाळीस हातांत बॅटरी घेऊन विंचूकिरडांतून दारें धरावयास जावें लागत नाहीं, हा लाभ लहान नव्हे.

परंतु पॅनेलांखालीं खांबास जी पेटी अडकविलेली असते, तिच्या आंत काय चालतें हें फार थोड्यांस ठाऊक आहे. “मोटर फिरते पण पाणी येत नाहीं,” “ढग आला कीं पंप रुसतो,” “वैशाखांत ऊन रखरखीत असून पाणी मात्र कमी,” अशा तीन तक्रारी आमच्या कानीं वारंवार येतात. तिन्हींचें उत्तर त्या पेटींत आहे. आम्ही कांहीं विद्युत्शास्त्रज्ञ नव्हों. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमची हयात गेली. तथापि मोजणें आणि नोंदणें हाच आमचा धंदा होता, आणि ही पेटी दिवसभर तेंच करीत असते, म्हणून तिची ओळख करून देण्याचें धाडस करतों.

पॅनेलांतील प्रत्येक घर उन्हांत सुमारें अर्धा व्होल्ट दाब निर्माण करतें. घरें एकापुढें एक जोडून पॅनेल होतें, आणि पॅनेलें तशींच जोडून माळ होते. तिची वीज एकाच दिशेनें वाहते. उलटपक्षीं, आपल्या पाणबुडी मोटारीस लागणारी वीज सेकंदास पन्नास वेळां उलटसुलट होणारी असते. या दोहोंची गांठ घालून देणें हें पेटींतील इन्व्हर्टरचें काम. त्यांत सिलिकॉनचे सहा खटके असतात व ते सेकंदास कित्येक हजार वेळां उघडतात आणि मिटतात. दारें धरणारा माणूस जसा एका वाफ्यास अधिक वेळ व दुसऱ्यास कमी वेळ पाणी सोडतो, तसे हे खटके विजेचे कांहीं तुकडे लांब व कांहीं आंखूड सोडतात. मोटारीच्या तारेच्या वेटोळ्यांस एकदम बदल सोसत नाहीं. त्यामुळें हे तुकडे तेथें विरघळून त्यांची एक सरळ लाट बनते. मोटर सुखानें फिरते.

याहून चतुराईचें काम दुसरेंच आहे. ज्यांनीं मोट पाहिली असेल त्यांस तें चटकन् समजेल. मोट फार मोठी केली तर बैल अडतात, खेपा कमी होतात. फार लहान केली तर खेपा भराभर होतात, पण पाणी थोडें. बैलांच्या ताकदीप्रमाणें मधली एक मोट अशी असते कीं तिनें दिवसाकांठीं सर्वांत अधिक पाणी निघतें. पॅनेलाचेंही तसेंच आहे. त्याजकडून प्रवाह फार ओढला कीं दाब कोसळतो, आणि दाब चढा राखला तर प्रवाह हातीं लागत नाहीं. दोहोंचा गुणाकार जेथें सर्वांत मोठा होतो तें ठिकाण पेटी शोधून काढते. आणि ऊन बदललें कीं तें ठिकाणही बदलतें, म्हणून शोध अखंड चालू ठेवते.

आतां पहिली तक्रार घेऊं. ऊन कमी झालें कीं पेटी मोटर बंद न करतां तिचा वेग उतरविते. हें योग्यच आहे. पण पंपाचा एक कडक नियम आहे. वेगाच्या प्रमाणांत पाणी बदलतें, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत पाणी चढविण्याची उंची बदलते, आणि वेगाच्या घनाच्या प्रमाणांत लागणारी शक्ति बदलते. समजा, पन्नास आवर्तनांवर शंभर मीटर उंच पाणी रेटण्याची ताकद पंपांत आहे. चाळीस आवर्तनांवर ती चौसष्ट मीटर उरते, आणि पस्तीसावर एकूणपन्नास. बोअरचें पाणी पंचावन्न मीटरवर असेल, तर पस्तीस आवर्तनांवर मोटर गुणगुणत राहील व नळास थेंब येणार नाहीं. यांत पेटी बिघडलेली नसते आणि कंपनीनें फसविलेलेंही नसतें. मात्र पाणबुडी मोटर वाहत्या पाण्यानें थंड राहते. पाणी न वाहतां ती तासन्‌तास फिरली तर तापून जळण्याचें भय आहे. म्हणून बसविणाऱ्या कारागिराकडून आपल्या खोलीस योग्य अशी किमान आवर्तनांची मर्यादा पेटींत भरून घ्यावी. त्याखालीं पंप थांबलेला बरा.

वैशाखाच्या तक्रारीस दोन कारणें आहेत. पॅनेलास उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्याचें तपमान पंचवीस अंशांवर चढूं लागलें म्हणजे अंशागणिक शक्ति शेंकडा ०.४ च्या आसपास घटते. आपल्याकडे मे महिन्यांत हवाच ४२ अंशांवर जाते. तेव्हां पॅनेल सहज पासष्टावर पोंचतें व शक्तीचा सहावा-सातवा हिस्सा तेथेंच जातो. शिवाय त्या दिवसांत विहिरीचें पाणी तळास गेलेलें असतें, म्हणजे उंची वाढलेली असते. भर दुपारीं तापलेल्या कांचेवर गार पाणी ओतण्याचा मोह होतो, तो आवरावा, कांच तडकते. धूळ पुसावयाची ती सकाळीं. बाभळीची एक फांदी जरी एका पॅनेलावर सावली धरून बसली तरी सगळ्या माळेची वीज अडते, हें पुष्कळांस खरें वाटत नाहीं. फांदी तोडून पाहावी.

एक इशारा येथेंच देतों. माळेचा दाब कित्येक शें व्होल्ट असतो, आणि ऊन आहे तोंवर तो नाहींसा करतां येत नाहीं. घरच्या विजेचा प्रवाह सेकंदास शंभर वेळां शून्यावर येतो, म्हणून तिची ठिणगी विझते. एकदिशा विजेची ठिणगी विझत नाहीं, ती कमान धरून जळत राहते. पंप चालू असतांना पॅनेलाचे जोड हातानें ओढूं नयेत. तसेंच जमिनींत गाडलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यांत उन्हाळ्यांत अधूनमधून पाणी घालावें. काळी जमीन भेगाळून सुकली कीं वीज मुरण्यास वाट राहत नाहीं, आणि वळवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत पडतात.

पेटीस आणखी एक ज्ञानेंद्रिय असतें. पाणी संपून पंप कोरडा पडला कीं मोटारीवरचा भार एकदम उतरतो. तें ओळखून ती पंप बंद करते. “वरचेवर बंद पडतो” म्हणून हें संरक्षण काढून टाकावयास सांगणारे कास्तकार आम्हीं पाहिले आहेत. तलाठ्यानें पीक बुडालें असें लिहिलें म्हणून तलाठीच बदलावयास निघावें, त्यांतलाच हा प्रकार.

असल्या ज्ञानेंद्रियांस सेन्सर म्हणतात, आणि मातींतील ओल सांगणारे सेन्सरही हल्लीं बाजारांत आले आहेत. त्यांचें तत्त्व सोपें आहे. विजेचा भार धरून ठेवण्याची शक्ति हवेची एक मानली, तर कोरड्या मातीची तीन ते पांच, आणि पाण्याची ऐंशी भरते. मातींत पाणी जसजसें अधिक, तसतसा आंकडा मोठा. परंतु आपली रेगूर जमीन ही मोठी लहरी आहे. ओली झाली कीं फुगते आणि सुकली कीं आखडते. आखडतांना ती सेन्सरच्या दांडीस सोडून बाजूस सरकते व मधल्या फटींत हवा शिरते. मग मुळांशीं ओल असूनही सेन्सर कोरडेपणा दाखवितो, आणि त्याच्यावर भरंवसा ठेवणारा पाणी देतच राहतो. बारीक चिकणमातीचा व क्षारांचाही आंकड्यावर परिणाम होतो. वाळूमिश्रित जमिनींत ठरविलेलीं मापें येथें जशीच्या तशीं चालावयाचीं नाहींत. यावर जुना उपाय तोच खरा उपाय: सेन्सरजवळची माती तोलावी, १०५ अंशांच्या भट्टींत चोवीस तास सुकवावी, पुन्हां तोलावी, आणि दोन्ही आंकडे शेजारीं मांडावे. नांदेडजवळ विष्णुपुरीस सन १९८१ पासून श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे व तेथें विद्युत् आणि उपकरणशास्त्र शिकविलें जातें. परभणीस सन १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. एकाजवळ यंत्र जाणणारे व दुसऱ्याजवळ माती जाणणारे. औसा, निलंगा, मुखेड, कंधार या तालुक्यांच्या मातींसाठीं या उपकरणांचीं मापें ठरवून देण्याचें काम दोघांनीं मिळून करावें, अशी आमची विनंति आहे.

लेसरविषयीं थोडक्यांत. लेसर प्रथम सन १९६० मध्यें अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं सिद्ध केला. बारामतीस जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले कुमार पटेल यांनीं सन १९६४ मध्यें तेथील बेल प्रयोगशाळेंत कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा लेसर शोधून काढला. लेसरचा किरण फारसा पसरत नाहीं, दूरपर्यंत रेषेसारखा जातो. शेताच्या कडेस तिवईवर असा किरण फिरत ठेवतात, ट्रॅक्टरमागील फाळक्यावरचा सेन्सर तो पकडतो, आणि फाळका आपोआप वरखालीं होऊन जमीन एका पातळींत येते; चूक फार तर बोट-दोन बोटें. आमची मोजणीची साखळी आणि गवंड्याची पाणसळ यांचा हा नातूच. पण आपल्या माळरानावर माती वीतभर असते. ती खरवडून मुरूम उघडा पाडणारी सपाटी कोणाच्या कामाची? खोल काळींत, पाटाचें पाणी असेल तेथें, अवश्य करावी.

याच रेषेचा सर्वांत मोठा उपयोग आपल्या शेजारीं व्हावयाचा आहे. हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथनजीक लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार असून सन २०२३ च्या एप्रिलांत तिला सुमारें २६०० कोटि रुपयांची मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी नळ्यांतून लेसर सोडून प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही सूक्ष्म फरक ती टिपणार आहे. अमेरिकेंतील असल्याच दोन यंत्रांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर प्रथम पकडली.

हें ऐकून एका तरुणानें आम्हांस विचारलें, “मग काका, लेसरनें विहिरीचें पाणी मोजतां येणार नाहीं का?” प्रश्न मार्मिक आहे. स्वच्छ पाण्यांतून किरण बराचसा आरपार जातो, म्हणून त्या कामीं लेसर फारसा उपयोगी नाहीं. पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर बरा, कारण दर दहा मीटर पाण्यामागें साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. आमच्या मतें मुद्दा इतकाच आहे कीं विहीर मोजलीच जात नाहीं. सौर पंपाच्या पेटींत सिमकार्ड असतें. पंप किती चालला, वीज किती झाली, हें सर्व दूरवर कळतें. विहीर किती उतरली हें तिच्या धन्यासही कळत नाहीं.

आतां हिशेब पाहावा. तीन अश्वशक्तीच्या पंपास तीन किलोवॅट पॅनेल असतें. चांगल्या दिवशीं त्यापासून बारा युनिटें मिळतात. हजार लिटर पाणी तीस मीटर चढविण्यास, पंपाची घट धरून, युनिटाचा पांचवा हिस्सा लागतो. म्हणजे दिवसास साठ हजार लिटर. वर्षांत दोनशें दिवस पंप चालला तर एक कोटि वीस लक्ष लिटर. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारें एक लक्ष तीन हजार लिटर. तेव्हां अडीच एकरांवर हें पाणी सेहेचाळीस इंचांहून अधिक भरलें. लातुरास वर्षाचा पाऊस सरासरी आठशें मिलिमीटर, म्हणजे सुमारें बत्तीस इंच. आणि आपल्या काळ्या पाषाणांत त्यांतला जेमतेम दहावा हिस्सा मुरतो, पुष्कळ ठिकाणीं त्याहूनही कमी. आभाळानें तीन इंच दिलें आणि आपण सेहेचाळीस उपसलें, तर उरलेलें शेजाऱ्याच्या झऱ्यांतून आलें किंवा मागल्या वर्षांच्या शिलकींतून. बिल येत होतें तेव्हां निदान बिलाचा धाक होता. उन्हाला बिल नाहीं. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली, ती पाहावयास स्टेशनावर जमलेल्यांपैकीं बहुतेक जण अजून हयात आहेत.

पाणी मोजण्यास मोठें यंत्र नको. विहिरीसाठीं सुताची दोरी, तिला मीटरमीटरवर गांठी, आणि टोंकास वजन. बोअरसाठीं दोन पदरी तार, तिचीं दोन्ही टोंकें खालीं उघडीं ठेवून वर बॅटरी व लहान दिवा जोडावा; टोंकें पाण्यास लागलीं कीं पाण्यांतून वीज वाहून दिवा लागतो. विहिरीच्या पाण्यांत वीज फार थोडी वाहते, म्हणून साधा बल्ब न घेतां एल.ई.डी. दिवा घ्यावा व टोंकें एकमेकांस टेकूं देऊं नयेत. पंपाच्या नळांत तार गुंतूं नये यासाठीं बोअर बसवितांनाच शेजारीं अर्ध्या इंचाची प्लास्टिकची नळी सोडून ठेवावी; मागाहून ती घालणें अवघड जातें. मोजावयाचें तें सकाळीं, पंपावर ऊन येण्यापूर्वीं. सौर पंप रात्रभर बंद असल्यामुळें त्या वेळीं पाणी आपल्या खऱ्या पातळीवर स्थिर झालेलें असतें. दर अमावास्येस मोजून तारीख आणि मीटर वहींत मांडावे, आणि ती वही सातबाऱ्याच्या पिशवींतच ठेवावी.