टेलिफोनचा तोतया

टेलिफोनचे बिल कागदावर येवो की मोबाइलच्या पडद्यावर, आपण त्यात पाहतो तो फक्त शेवटचा आकडा. रक्कम बरोबर आहे ना, एवढी खात्री केली की आपले काम संपले. पण त्या आकड्यामागे कंपनीच्या दप्तरात एक यादी असते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या नंबरला फोन गेला आणि किती मिनिटे बोलणे झाले, याची ती यादी. तिच्यात बोलण्यातले एक अक्षरही नसते. मग असल्या कोरड्या आकड्यांत लपवण्यासारखे ते काय, असे कोणीही विचारील.

जरा कल्पना करून पाहा. एका घरातून आठवड्यात तीनदा कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन गेला, पाठोपाठ विमा कंपनीला गेला आणि रात्री अकरा वाजता परगावच्या थोरल्या भावाशी तासभर बोलणे झाले. एक शब्दही न ऐकता त्या घरावर कोणता प्रसंग आला आहे, ते शेजारचा पोरगासुद्धा सांगेल. मुलीच्या लग्नाची बोलणी, भावाभावांतला वाटणीचा तंटा, नोकरी बदलण्याची गुपचूप चाललेली खटपट, सारे काही त्या यादीत उमटलेले असते. घरातल्या कोणीही न लिहिलेली ती घराची रोजनिशीच!

ऑपरेटर गेली, नोंद राहिली

कोण कोणाला फोन करतो या माहितीचे मोल टेलिफोनच्या बालपणीच लोकांना कळले होते. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्राउजर नावाचे गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करीत. त्या काळी एक्स्चेंजमधल्या बाईला सांगावे आणि तिने तार जोडून द्यावी, अशी रीत होती. आख्यायिका अशी की, ही ऑपरेटर स्ट्राउजर यांच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती आणि त्यांची गिऱ्हाइके ती परस्पर नवऱ्याकडे वळवी! आख्यायिका खरी असो वा नसो, १८९१ साली स्ट्राउजर यांनी ऑपरेटरवाचून चालणाऱ्या एक्स्चेंजचे पेटंट मिळवले आणि १८९२ साली इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी तसे एक्स्चेंज सुरू झाले, हे मात्र खरे.

मधली बाई गेली. पण बिल करायचे तर नोंद ठेवणे आलेच. या नोंदीवर हक्क कोणाचा? १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नागरिकाचे टेलिफोनवरचे बोलणे, मग ते रस्त्यावरच्या बूथमधले का असेना, सरकारला वाटेल तसे चोरून ऐकता येणार नाही. परंतु १९७९ साली त्याच न्यायालयाने ठरवले की, फिरवलेला नंबर ग्राहक आपण होऊन कंपनीला कळवतो, तेव्हा त्याला ते संरक्षण नाही. म्हणजे बोलणे माजघरात सुरक्षित राहिले आणि यादी ओटीवर उघडी पडली. पुढे १९९६ च्या कायद्याने ग्राहकाची ही माहिती गुप्त राखण्याची जबाबदारी टेलिफोन कंपन्यांवर टाकली. ओटीला कुलूप लागले. मात्र किल्ली मागेल त्याच्या हाती पडू लागली!

नव्वद डॉलरांत सेनापती

किल्ली मिळवण्याची युक्ती अगदी जुनी आहे. भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशवाईत केवढा गोंधळ माजवला ते आपण जाणतोच. त्याला निदान चेहरा तरी जुळवावा लागला. टेलिफोनवरच्या तोतयाला त्याचीही गरज नाही. कंपनीला फोन करायचा, ‘मी अमुक बोलतो, बिल हरवले आहे, जरा नंबर वाचून दाखवता का?’ असे गोड आवाजात विचारायचे, आणि खूण म्हणून जन्मतारीख किंवा सरकारी क्रमांकाचे चार आकडे सांगायचे. बस्स!

२००६ च्या जानेवारीत हा धंदा किती बोकाळला आहे ते चव्हाट्यावर आले. ‘नाटो’चे माजी सेनापती वेस्ली क्लार्क यांच्या मोबाइलची यादी एका लेखकाने नव्वद डॉलरांच्या आत रीतसर विकत घेऊन दाखवली. त्याच वर्षी ह्यूलेट-पॅकार्ड या बड्या कंपनीचे प्रकरण गाजले. संचालक मंडळातल्या गोष्टी वर्तमानपत्रांकडे कोण फोडतो हे शोधण्यासाठी कंपनीने गुप्तहेर नेमले होते. त्यांनी संचालकांच्या आणि नऊ पत्रकारांच्या टेलिफोनच्या याद्या तोतयेगिरी करून मिळवल्या. टॉम पर्किन्स या संचालकांच्या सरकारी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वापरून कोणी तरी त्यांच्या नावाने परस्पर खाते उघडले होते. कंपनीच्या अध्यक्षा पॅट्रिशिया डन यांना पद सोडावे लागले. त्यांच्यावरचा खटला पुढे रद्द झाला, पण कंपनीला तडजोडीपोटी १ कोटी ४५ लाख डॉलर मोजावे लागले.

या गदारोळाचा उपयोग झाला. १२ जानेवारी २००७ रोजी अमेरिकेत अशी तोतयेगिरी हा दहा वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा ठरला. त्याच वर्षी तेथील दळणवळण आयोगाने कंपन्यांना नियम घालून दिले. फोनवरून यादी मागणाऱ्याने ग्राहकाचा सांकेतिक शब्द सांगितला पाहिजे. तो नसेल तर माहिती नोंदलेल्या पत्त्यावर पाठवावी, नाही तर कंपनीने नोंदलेल्या नंबरवर स्वतः उलटा फोन करावा. पत्ता किंवा सांकेतिक शब्द बदलला गेला तर ग्राहकाला ताबडतोब कळवावे.

आपल्या घरी

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे समजून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. २०१३ साली राज्यसभेतले विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांची यादी मिळवण्याच्या खटपटीत दिल्ली पोलिसांचाच एक शिपाई पकडला गेला. २०१८ साली ठाणे पोलिसांनी अशा याद्या विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांची टोळी उघडकीस आणली. मोठ्या पुढाऱ्याची यादी हवी असणारे थोडे. पण संशयी नवरा, भांडणारा भागीदार किंवा सोयरीक तपासणारा व्याही अशी गिऱ्हाइके गल्लोगल्ली भेटतात. खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आणि २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. तरीही दाराची कडी आपणच लावायची असते.

शिवाय आता फोनच्या नंबरालाच बँकेचे खाते जोडलेले आहे. तोतयाने आपल्या नावाने नवे सिमकार्ड काढले की आपला फोन मुका होतो आणि बँकेचे निरोप त्याच्याकडे जातात. म्हणून चालता फोन एकाएकी बंद पडला, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच विचारावे. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेवर आपल्या नावावर किती कनेक्शने आहेत ते पाहता येते; वर्षातून एकदोनदा तरी पाहावे. जुनी बिले रद्दीत घालण्यापूर्वी फाडावीत.

आणि कंपन्यांना घालून दिलेला उलट्या फोनचा नियम घरातल्या आजीआजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना शिकवून ठेवावा. ‘मी कंपनीतून बोलतो, आलेला आकडा जरा सांगा,’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे फोन ठेवावा आणि बिलावर छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करावा. माणूस खरा असेल तर त्याला राग येण्याचे कारण नाही. तोतया असेल तर त्याच्या रागाची पर्वा कशाला?