नाटक साऱ्यांचे, नाव एकाचे?

वस्तीतल्या नाट्यलेखन शिबिरात एकांकिका उभी राहते ती अशी : कुणी घरची हकिकत सांगतो, कुणी संवाद लिहिते, कुणी तालमीत शेवट बदलतो. स्पर्धेच्या पत्रिकेवर लेखक म्हणून नाव मात्र एकट्या मार्गदर्शकाचे! हे का चालवून घ्यायचे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखकत्व आहे. ज्यांचे लेखन एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही, ते सारेच लेखक. कलम ५७ नुसार तर हक्क विकले तरी लेखक म्हणवून घेण्याचा अधिकार उरतो. मात्र नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही; ती मांडणाऱ्या शब्दांना आहे. तेव्हा कार्यकर्त्यांनो, खर्डे फेकू नका. प्रत्येकावर तारीख घाला, लिहिणाऱ्यांची नावे नोंदवा, सर्वांच्या सह्या घ्या. हे काम पहिल्या तालमीआधीच उरका.