किक मारण्याआधी सील बघा

आकुर्डीच्या बजाज ऑटोने कावासाकीच्या साथीने १९८६ मध्ये आणलेली केबी १०० म्हणजे एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, साधारण १०० सीसी. घरात अशी गाडी जिन्याखाली धूळ खात उभी असेल, तर रंगकाम नंतर करा. आधी क्रँकची ऑइल सील बघा, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

टू-स्ट्रोकचं क्रँककेस हा पंपच असतो. पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं, खाली येताना ते दाबलं जाऊन पोर्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं. क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी सील वर्षानुवर्षं पडून कडक होतात. नखाने दाबून बघा: सीलचा ओठ वळत नाही, कडेला बारीक तडे दिसतात. तिथून जास्तीची हवा शिरते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन भलतंच तापतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर बिडाचा; ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पिस्टन लायनरला घासतो आणि चालत्या गाडीत जाम होतो. थ्रॉटल सोडूनही इंजिनचा आवाज चढाच राहिला, तर संशय आधी सीलवर घ्या.

पिस्टन असा जाम होऊन सिलिंडर ओरखडला असेल, तर तो बोअरिंगला देताना नवा ओव्हरसाइज पिस्टन सोबत न्या. भोक पिस्टनच्या मापाने कापायचं असतं.