पाहुणे आठवड्याचे, मंडळी पिढ्यांची

चियांग माई, जानेवारी

नाताळ सरला की उत्तर थायलंडच्या डोंगरांत पाहुण्यांची वर्दळ वाढते. हवा गार आणि कोरडी असते, वाटांवर चिखल नसतो. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतं आणि रानं पेटली की दरीत धूर कोंडून राहतो, तोही अजून आलेला नसतो. या पाहुण्यांत ट्रेकिंगवाले असतात, तसे परदेशी चर्चचे गटही असतात. अमेरिका, दक्षिण कोरिया, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणांहून आलेली, एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली पंधरा-वीस माणसं. सोबत एखादी गिटार, औषधांची खोकी, मुलांसाठी रंगीत खडू. मागे समोरासमोर बाकं टाकलेल्या पिकअप गाड्यांतून हे गट डोंगर चढतात, आठ-दहा दिवस गावांत राहतात आणि परत जातात. सुट्टी आणि स्वतःचे पैसे खर्चून, मनापासून येतात, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो त्यांना इथे काय दिसतं याचा.

चियांग माई, चियांग राय, मे होंग सोन आणि ताक या प्रांतांच्या डोंगराळ भागात करेन, ह्मोंग, लाहू, आखा, लिसू आणि मिएन हे मुख्य समाज राहतात. संख्येने करेन सर्वांत मोठे. प्रत्येकाची भाषा वेगळी, पेहराव वेगळा. थाई ही शाळेत आणि कचेरीत शिकलेली भाषा. पूर्वी इथे अफूची शेती होती. सरकारने 1959 मध्ये अफूवर बंदी आणली आणि 1969 मध्ये सुरू झालेल्या राजप्रकल्पाने कॉफी, फळं आणि भाजीपाला आणला. आज चियांग माईच्या बाजारातला कोबी बहुधा यांच्याच उतारांवरून येतो.

देश बौद्ध, ख्रिस्ती माणसं शंभरात एखाद-दुसरी. पण डोंगरात हे प्रमाण पार बदलतं, आणि त्यामागच्या इतिहासाचा एक धागा आपल्याकडेही येतो. फेब्रुवारी 1812 मध्ये अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने पाच तरुण मिशनऱ्यांची पहिली तुकडी आशियाकडे धाडली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. पुढे नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला तो याच मिशनमध्ये. त्याच तुकडीतले अडोनायरम जडसन ब्रह्मदेशात गेले. तिथे 1828 मध्ये को था ब्यू या करेन माणसाचा बाप्तिस्मा झाला. त्याचं आधीचं आयुष्य खून-दरोड्यांत गेलेलं. पुढे तो गावोगाव वचन सांगत फिरला. 1880 च्या दशकात ब्रह्मदेशातले करेन प्रचारक डोंगर ओलांडून सयाममध्ये, लंपांगच्या बाजूला आले. इथल्या करेन ख्रिस्ती मंडळ्यांची मुळं त्यात आहेत. खाली चियांग माईच्या सपाटीवर डॅनियल मॅकगिलव्हरी हे अमेरिकन मिशनरी 1867 पासून होते. त्यांच्या दोन अनुयायांना 1869 मध्ये इथल्या राजाने ठार मारवलं. 1878 मध्ये एका ख्रिस्ती जोडप्याच्या लग्नात कुळाच्या देवतांचा मान द्यायचा की नाही, यावरून तंटा झाला आणि त्यातून धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. पण डोंगरावरचं मोठं काम डोंगरातल्याच माणसांनी केलं, पायी चालत, आपल्याच भाषेत.

म्हणून कुणी म्हणालं की आम्ही या लोकांपर्यंत ख्रिस्त न्यायला आलो, की मला अस्वस्थ वाटतं. गेल्या महिन्यात मी अशाच एका गटासोबत एका करेन गावात रविवारच्या उपासनेला होतो. खांबांवर उभं असलेलं लाकडी प्रार्थनाघर, जिन्यापाशी चपलांची रांग. आत अविवाहित मुली पायघोळ पांढऱ्या झग्यात, लग्न झालेल्या बायका रंगीत चोळी आणि लुंगीत. गीत सुरू झालं आणि चार स्वर आपसूक वेगळे झाले. कुणी हात हलवून दिशा दिली नाही, पेटी नव्हती. पुढच्या बाकावरची आजी खालच्या पट्टीत ठामपणे गात होती. तिच्या आईनेही याच गावात हेच गीत गायलं असणार. मग पाहुण्यांतला एक तरुण उठून साक्ष द्यायला लागला. इंग्रजीचं थाई, थाईचं करेन, आणि प्रत्येक वाक्यामागे एवढी वाट पाहणं. लोकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुपारी मुलांना खेळ, गाणी, दात घासायचा धडा. गावाने पाहुण्यांसाठी डुक्कर कापलं होतं. पंगतीत गावच्या मंडळीचे पाळक मात्र शेवटी बसले, कारण गटाच्या गाडीचं चाक बदलायला तेच खाली गेले होते.

अशा गटांचा व्याप लहान नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या 2005 च्या पाहणीनुसार एका वर्षात सुमारे 16 लाख अमेरिकन चर्चसदस्य अशा अल्पकाळाच्या परदेशवारीला जात होते. होंडुरासमध्ये 1998 च्या मिच वादळानंतर या गटांनी घरं बांधली. कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने त्यांचा हिशेब मांडला, तेव्हा प्रवासखर्चासह एका घराला सुमारे 30 हजार डॉलर लागलेले दिसले. स्थानिक संस्था तेच घर दोन हजारांत उभारत होती. थायलंडच्या डोंगरात हा हिशेब वेगळा का निघावा, हे मला कळत नाही. इथे बांबू आणि लाकूड उत्तम जाणणारे सुतार घरोघर आहेत. त्यांच्या गावात भिंत रंगवायला समुद्रापलीकडून माणूस यायची गरज नाही. त्या तिकिटाच्या पैशात एका मुलीच्या कॉलेजला हातभार लागेल.

सर्वांत जपून पाऊल टाकायची जागा म्हणजे मुलांची वसतिगृहं. डोंगरात वरच्या इयत्तांच्या शाळा दूर असतात, म्हणून मंडळ्यांनी खालच्या गावांत मुलांना ठेवून घ्यायची सोय केली, आणि ते काम मोलाचं आहे. पण त्यांतल्या काहींवर ‘अनाथालय’ अशी पाटी लागली, कारण अनाथ मुलांसाठी देणगी लवकर मिळते. आईबाप हयात असलेली मुलं पाहुण्यांपुढे अनाथ म्हणून उभी राहतात, दर आठवड्याला नव्या माणसाच्या मांडीवर बसतात आणि दर आठवड्याला त्याला निरोप देतात. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये पैशासाठी मुलांना अनाथालयात आणण्याच्या व्यवहाराला आधुनिक गुलामगिरीत धरलं. आपण अशा व्यवहाराला हातभार लावतो का, हा प्रश्न चर्चच्या गटांनी स्वतःच्या मनाला विचारायलाच हवा.

पाहुण्यांना सहसा न दिसणारा, डोंगरातला खरा जाच कागदाचा आहे. इथे जन्मलेल्या, इथेच म्हातारे झालेल्या हजारोंकडे नागरिकत्व नाही. नागरिकत्व नाही म्हणजे जमिनीवर नाव लागत नाही, बऱ्याच नोकऱ्या बंद, आणि अनेकांना प्रांताबाहेर जायलाही परवानगी काढावी लागते. जून-जुलै 2018 मध्ये थाम लुआंग गुहेत अडकलेली मुलं आठवत असतील. ब्रिटिश पाणबुड्यांशी इंग्रजीत बोलला तो अदुल, ‘वा’ नावाच्या समाजाचा, नागरिकत्व नसलेला. शिक्षणासाठी आईवडिलांनी त्याला मे साईच्या एका चर्चकडे सोपवलं होतं. त्याच्यासह तीन मुलांना आणि त्यांच्या फुटबॉल प्रशिक्षकाला त्या ऑगस्टमध्ये नागरिकत्व मिळालं. ऑक्टोबर 2024 मध्ये थाई मंत्रिमंडळाने सुमारे 4 लाख 83 हजार लोकांसाठी कायम निवास आणि नागरिकत्वाची वाट सोपी केली. निर्णय चांगला आहे, पण जिल्हा कचेरीत अर्ज नेणं, जन्माचे साक्षीदार जमवणं, वडिलांचं आणि मुलाचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने लिहिलं गेलं असेल तर ते जुळवणं, हे काम गावच्या पाळकांवर, मुख्याध्यापकांवर आणि कॉलेजला गेलेल्या पोरीबाळींवर पडतं. त्याला महिने लागतात.

एका आखा गावात एका आजींनी मला आपला टोप जवळून दाखवला. चांदीच्या मण्यांमध्ये शिवलेली नाणी ब्रिटिश हिंदुस्थानचे रुपये होते, एकावर पंचम जॉर्ज. ब्रह्मदेशातून हा रुपया या डोंगरांत व्यापाराबरोबर फिरायचा. टोप पिढ्यांपासून घरात आहे. आजींकडे मात्र ओळखपत्र नाही.

काही गट आता वेगळ्या रीतीने येतात. त्याच गावात वर्षामागून वर्ष, चार-पाचच माणसं. यायच्या आधी पाळकांना विचारतात आणि त्यांनी ‘यंदा नको’ म्हटलं तर येत नाहीत. कुणी नर्स असेल तर ती गावच्या आरोग्यसेविकेच्या हाताखाली काम करते. उरलेले पैसे शिष्यवृत्तीला आणि कचेरीच्या खेपांच्या पेट्रोलला जातात. मी ज्या गटासोबत होतो, त्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने परतायच्या आदल्या संध्याकाळी पाळकांना विचारलं की पुढच्या वेळी काय आणू. ते म्हणाले, काही आणू नका. भातकापणीच्या दिवसांत या, तेव्हा शेतात हात कमी पडतात आणि रात्री गायला सगळे घरी असतात. भातकापणी नोव्हेंबरात असते. शिक्षिकेने तारखा लिहून घेतल्या.