आपत्कालीन निधी (वैयक्तिक वित्त)

आपत्कालीन निधी म्हणजे नोकरी जाणे, गंभीर आजारपण, पीक हातचे जाणे किंवा कमावत्या व्यक्तीचा मृत्यू अशा प्रसंगी कुटुंबाचा आवश्यक खर्च भागवण्यासाठी आधीच वेगळी काढून ठेवलेली रक्कम होय. परतावा मिळवणे हा या निधीचा मुख्य उद्देश नसतो. महागडे कर्ज न काढता आणि मालमत्ता पडत्या भावात न विकता कठीण काळ निभावता यावा, यासाठी तो उभारला जातो. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २६७ मधील शासनाचा आकस्मिकता निधी यापेक्षा वेगळा आहे.

रकमेचे प्रमाण

नियमित पगार असलेल्या कुटुंबासाठी सर्वसाधारणपणे तीन ते सहा महिन्यांच्या आवश्यक खर्चाइतकी रक्कम पुरेशी मानली जाते. या खर्चात किराणा, घरभाडे, औषधे, शालेय शुल्क, वीजबिल व कर्जाचे हप्ते धरले जातात. दरमहा २०,००० रुपये आवश्यक खर्च असल्यास ही रक्कम ६०,००० ते १,२०,००० रुपये होते. घरात एकच कमावती व्यक्ती असल्यास किंवा उत्पन्न अनियमित असल्यास अधिक रक्कम लागते. मोठा संप किंवा उद्योगबंदी याहून लांबू शकते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईतील गिरणी कामगारांचा संप वर्षाहून अधिक काळ चालला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी होते आणि अनेकांना गिरणीतील काम पुन्हा मिळाले नाही.

हंगामी उत्पन्न आणि नामपूर परिसर

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या काठी वसलेले नामपूर कांद्याची बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. या भागात उन्हाळ कांदा काढल्यावर चांगल्या दराच्या अपेक्षेने चाळीत साठवला जातो. अडीअडचणीला हाच कांदा विकता येईल, असा हिशेब अनेकदा केला जातो. तथापि साठवणीत कांद्याचे वजन घटते, तो सडतो व त्याला मोड येतात. शिवाय घरची निकड आणि बाजारातील दर यांचा मेळ बसेलच असे नाही.

केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली व ४ मे २०२४ रोजी ती उठवली. अशा निर्णयाचा फटका एकाच वेळी संपूर्ण परिसराला बसतो. शेतकऱ्याबरोबर मजूर, वाहतूकदार व किराणा दुकानदार यांचीही आवक घटते. परिणामी नातेवाईक किंवा शेजारी यांच्याकडून हातउसने मिळणे नेमक्या त्याच वेळी अवघड होते. त्यामुळे अशा कुटुंबासाठी महिन्यांचा ठरावीक नियम अपुरा पडतो. एका पिकाचे पैसे मिळाल्यापासून पुढील पिकाचे पैसे येईपर्यंतचा घरखर्च मोजावा लागतो. बियाणे, खते व मजुरी यांची तरतूद या निधीत न मिसळता स्वतंत्र ठेवणे सोयीचे ठरते.

निधी ठेवण्याची ठिकाणे

निधी सुरक्षित, तत्काळ काढता येणारा आणि रोजच्या खर्चापासून वेगळा असावा लागतो. त्यासाठी बचत खाते, अल्प मुदतीची ठेव किंवा टपाल खात्यातील बचत यांचा वापर होतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. त्यापूर्वी ही मर्यादा १ लाख रुपये होती. विमा उतरवलेल्या सहकारी बँकांतील ठेवींनाही हे संरक्षण मिळते. पतसंस्थांतील ठेवींना मात्र ते लागू नाही.

ठेव विमा असला तरी पैसे लगेच हाती येतीलच असे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला प्रत्येक खात्यातून केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. म्हणून निधी दोन संस्थांत विभागून ठेवण्याची पद्धत आहे. सोने तारण ठेवूनही रोकड उभी करता येते; परंतु ते कर्ज असल्याने त्यावर व्याज भरावे लागते.

विम्याशी संबंध

आपत्कालीन निधी हा विम्याला पर्याय नाही. मोठे रुग्णालयीन खर्च किंवा कमावत्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरची दीर्घकालीन गरज बचतीतून भागणे कठीण असते. याउलट विम्याचा दावा मंजूर होऊन रक्कम हाती येईपर्यंतचा काळ निधीमुळे निभावता येतो. निधी वापरल्यानंतर पुढील उत्पन्नातून तो पूर्ववत भरून काढणे आवश्यक असते.